भयानक मौत आणि इतर नऊ

२०१४च्या डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी ६ वाजून ४२ मिनिटांनी मुलुंड पूर्वेच्या एका सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर संदेश पडला : ‘भयानक मौत. या वर्षी याहून मोठं काही झालं नाही.’

सात वाजेपर्यंत २६ जणांनी हात जोडले. ११ जणांनी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिलं. त्यातल्या चौघांनी ती ‘श्रंद्धाजली’ अशी वाहिली. कोणीतरी तेवत्या समईचं चित्र टाकलं. तळमजल्यावरच्या एकाने ‘फार चांगला माणूस होता’ असंही लिहून टाकलं. कोण, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. पण गेलेला माणूस चांगलाच असतो, त्यात चौकशी कसली करायची?

संदेश टाकणारे गृहस्थ तोवर पुन्हा झोपले होते. बेल वाजली म्हणून डोळे चोळत दार उघडलं, तर समोर सेक्रेटरी, खजिनदार आणि दुसऱ्या मजल्यावरचे काका. काकांच्या खांद्यावर पंचा होता. बांबू कुठून आणायचे, सुतळी किती लागते, पास कुठे मिळतो, हे सगळं पाठ असलेला माणूस म्हणून काकांचा सोसायटीत दबदबा आहे आणि वर्षातून दोन-तीनदाच ते असे खुलतात.

“कोण गेलं?” सेक्रेटरींनी आवाज खाली आणून विचारलं.

“कोणी नाही हो. बँड आहे.”

“बँड नको,” खजिनदार म्हणाले. “आपल्यात लावत नाहीत.”

पंधरा मिनिटं समजावणी झाली. भयानक मौत हे मुंबईतल्या मेटल बँडचं नाव आहे, ही मुलं २००३पासून वाजवतात, त्यांचा ‘मॅन’ नावाचा अल्बम याच वर्षी आला आणि तो आपल्या वर्षातल्या आवडत्या अल्बमांच्या यादीत पहिला आहे. काका हिरमुसले. पंचा काढून त्यांनी त्याची व्यवस्थित घडी घातली आणि जाताना “पुढच्या वेळी नीट सांगत जा” म्हणाले. पुढची वेळ कोणाची, हे विचारायची हिंमत कोणाला झाली नाही.

गृहस्थांनी झाला प्रकार निस्तरायला ग्रुपवर लगेच दुसऱ्या क्रमांकाचा अल्बम टाकला. तो न्यूयॉर्कच्या स्वॉन्स या बँडचा ‘टू बी काइंड’. त्याच्या मुखपृष्ठावर एका बाळाचं डोकं आहे. नुसतं डोकं. त्या चित्राखाली त्यांनी लिहिलं : ‘आणि हे दुसरं.’

गृहस्थांना एकच मुलगी. ती तेव्हा दहावीत होती. ग्रुपवर पाच मिनिटं शांतता पसरली आणि मग अभिनंदनाचा पाऊस सुरू झाला. ‘मुलगा की मुलगी?’, ‘कळूच दिलं नाहीत!’, ‘गेले त्यांनीच जन्म घेतला.’ साडेनऊला गृहस्थांच्या सौभाग्यवती पिशवी घेऊन भाजीला गेल्या आणि दहाव्या मिनिटाला रिकाम्या पिशवीने परत आल्या.

“अहो, मेथी घ्यायला गेले तर तो भाजीवाला मला डिंकाचे लाडू खायला सांगतोय.”

हे गृहस्थ कोण, ते विचारू नये. लेखावर नाव छापलेलं असतं. इथे त्यांना नुसतं यादीकार म्हणू.

यादीकार अंधेरीतल्या एका विमा कंपनीत दावे तपासतात. दिवसभर दुसऱ्याच्या नुकसानीवर शंका घ्यायची आणि संध्याकाळी संगीताकडे वळायचं, असा त्यांचा क्रम. दर डिसेंबरात, जेव्हा मुलुंडमध्ये उंधियू शिजत असतो आणि अर्धी सोसायटी लग्नांच्या आहेरांचे हिशेब मांडत असते, तेव्हा ते वर्षातल्या आवडत्या १० प्रायोगिक रॉक अल्बमांची यादी करतात. ही यादी त्यांना आजवर कोणीही मागितलेली नाही. पूर्वी ती ते ईमेलने पाठवत आणि लोकांपर्यंत पोहोचली नसेल अशी समजूत करून घेत. २०१४च्या नोव्हेंबरात व्हॉट्सअॅपने वाचल्याच्या निळ्या खुणा आणल्या आणि ही सोयही गेली. यादी सगळ्यांनी वाचलेली असते, हे आता निळ्यावर निळं दिसू लागलं.

यादीत शिरायच्या अटी कडक आहेत. गुणगुणता आलं की गाणं बाद. ठेका पहिल्या ऐकण्यात सापडला की बाद. घरातलं कोणी “हे बरंय हं” म्हणालं, तर तो अल्बम त्याच रात्री कापला जातो. २०११मध्ये एक अतिशय लायक जर्मन अल्बम आईंच्या एका कौतुकापायी असा हकनाक गेला.

‘प्रायोगिक’ हा शब्द मुलुंडकराला नाटकामुळे ओळखीचा आहे. प्रायोगिक म्हणजे ज्यात पहिल्या अंकात पात्रं एकमेकांकडे पाठ करून बोलतात आणि मध्यंतरातला वडा जास्त लक्षात राहतो ते. रॉकमधल्या प्रयोगात मध्यंतर नसतं, एवढाच फरक. अमेरिकेच्या लू रीडने १९७५मध्ये ‘मेटल मशीन म्युझिक’ नावाचा दोन तबकड्यांचा अल्बम काढला. त्यात ६४ मिनिटं गिटार आणि अॅम्प्लिफायर एकमेकांवर किंचाळतात. गाणं नाही, शब्द नाहीत, ठेका नाही. आणि शेवटच्या बाजूची शेवटची खाच अशी कापली होती की सुई तिथेच गोल फिरत राहावी. म्हणजे उठून कोणी सुई उचलली नाही तर तो अल्बम संपतच नाही. सत्कारमूर्तींच्या भाषणाला ही युक्ती कोणीतरी आधीच शिकवलेली आहे.

अशा संगीतासाठी वेळ लागतो आणि यादीकारांना तो रेल्वेने दिला. ८ जून २०१४ला घाटकोपर-अंधेरी-वर्सोवा मेट्रो सुरू झाली. त्याआधी घाटकोपरला उतरून साकीनाक्याच्या गर्दीतून बसने अंधेरी गाठताना कानातलं यंत्र कुठे आणि आपला कान कुठे, हे शोधण्यातच जीव जायचा. मेट्रोत वातानुकूलित उभं राहून ऐकता येऊ लागलं. ‘टू बी काइंड’मध्ये ३४ मिनिटांचं एक गाणं आहे. यादीकार ते मुलुंडच्या फलाटावर लावत. नाहूरला बँडने एक आघात सुरू करावा, तोच भांडुपला, तोच कांजूरला, तोच विक्रोळीला, घाटकोपरचा जिना चढताना लोकांची कोपरं त्याच तालात बरगडीत, आणि असल्फा ओलांडताना कुठे त्या आघाताने कूस बदलावी. पुढे त्यात घोडे खिंकाळतात. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा यादीकारांनी मरोळ नाक्याला डब्यात मागे वळून पाहिलं होतं. बँडचा म्होरक्या मायकल जिरा. त्याचं नाव घरात निघालं की सौभाग्यवती हटकून विचारतात, “म्हणजे फोडणीला घालतात तोच ना?”

अल्बम ऐकताना यादीकार डोळे मिटतात, भुवया जवळ आणतात आणि खालचा ओठ दाताखाली धरतात. कन्येने या मुद्रेचा फोटो काढून त्यावर ‘काल छोले खाल्ले होते’ एवढंच लिहिलं आणि ग्रुपवर टाकलं. १० अल्बमांच्या यादीला ९ वर्षांत मिळून जेवढे अंगठे मिळाले नव्हते, तेवढे त्या मीमला चहा गाळून होईपर्यंत मिळाले. अजूनही कोणाचं पोट बिघडलं की तो फोटो येतो. यादीकारांचा चेहरा आता मुलुंड ते डोंबिवली अॅसिडिटीचं चिन्ह म्हणून चालतो.

घरातल्या श्रवणाची गोष्ट वेगळी. त्याच वर्षी स्कॉट वॉकर या बुजुर्ग गायकाने सन नावाच्या बँडबरोबर ‘साउस्ड’ हा अल्बम केला. हे ‘सन’ लिहिताना पुढे एक इंग्रजी ‘ओ’ आणि त्यापुढे मिटणारे तीन कंस काढावे लागतात. उच्चारताना ‘ओ’ही गिळायचा आणि कंसही. यादीकारांनी हे आईंना समजावून सांगितलं.

“तीन-तीन कंस?” आई म्हणाल्या. “एकाने कृष्णाला पुरेसा त्रास दिला होता.”

सनचं संगीत म्हणजे गिटारीची एक तार छेडायची आणि तिचा आवाज भिंतीतून, फरशीतून, कपाटातल्या चिनीमातीच्या बरण्यांतून निघून जाईपर्यंत थांबायचं. मग दुसरी. आई पलीकडच्या खोलीत जपमाळ घेऊन बसल्या होत्या. अर्ध्या तासाने त्यांनी हाक मारली, “अरे, तंबोरा लावून झाला की सांग. गाणं सुरू झाल्यावर येते.”

या अल्बमच्या पहिल्याच गाण्यात चाबकाचे खरेखुरे फटकारे आहेत. पहिला फटकारा बसला तसं पलीकडच्या खोलीत भांडं वाजलं. यादीकार बघायला गेले तर आई वाटीत तांदूळ घेऊन गॅलरीत उभ्या. “कडकलक्ष्मी आली वाटतं रे. किती वर्षांनी! कुठे दिसत नाही ती?” पुढची सहा मिनिटं त्या प्रत्येक फटकाऱ्याला खाली वाकून बघत होत्या. इमारतीतली दोन लहान मुलं खालच्या आवारात धावत आली आणि पोतराज सापडेना म्हणून रडत परत गेली. लेखक म्हणून इथे एक नोंद करावीशी वाटते : त्या अल्बमला इतका जिवंत श्रोतृवर्ग लंडनमध्येही मिळाला नसेल.

उत्साहाच्या भरात माणूस जास्त बोलतो. तिसऱ्या मजल्यावरच्या बेन लिफ्टमध्ये भेटल्या आणि त्यांनी सौजन्याने “काल शेनो आवाज होता?” विचारलं. यादीकारांना नऊ वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी काही विचारत होतं. त्यांनी स्कॉट वॉकर सांगायला घेतला. सांगता सांगता, याच माणसाने २००६च्या ‘द ड्रिफ्ट’ या अल्बमात तालवाद्य म्हणून डुकराच्या मांसाचा मोठा तुकडा टांगून त्यावर गुद्दे मारवून घेतले होते, ही सुप्रसिद्ध हकिकतही सांगितली. हाताने करून दाखवली. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली. बेन काही न बोलता उतरल्या. दर डिसेंबरात त्या घरातून येणारी उंधियूची वाटी त्या वर्षापासून बंद झाली. सौभाग्यवतींनी यादीकारांना पुष्कळ गोष्टी माफ केल्या आहेत. ती वाटी त्यांत नाही.

मग सेक्रेटरी आले. त्यांच्या फोनमध्ये आवाज मोजायचं अॅप होतं आणि तोंडात नियम होता : २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. त्यांनी दारात उभं राहून फोन पुढे धरला. आकडा ५२ला थांबला.

“बसतंय,” यादीकार म्हणाले.

“आकड्यात बसतंय हो. डोक्यात नाही बसत.”

तेवढ्यात खालच्या मजल्यावर खोबऱ्याची चटणी वाटायला मिक्सर लागला आणि फोनमधला काटा वेड्यासारखा वर धावला. सेक्रेटरींनी तो खिशात घातला. चटणीवर नियम नसतो. यादीकारांना मात्र हुतात्मा झाल्यासारखं वाटलं. त्यांची तरुण वर्षं धोबीतलावच्या रंगभवनात इंडिपेन्डन्स रॉक ऐकण्यात गेली. १९८६ला सुरू झालेला तो उत्सव, भोवती कॉलेज आणि इस्पितळं, आणि शांतता क्षेत्राच्या नियमापायी २००३च्या सुमारास उघड्यावरचं ते गिटार कायमचं गप्प. रंगभवनाच्या नशिबी आलं तेच आपल्या हॉलच्या नशिबी आलं, असं ते त्या दिवशी जेवताना म्हणाले. सौभाग्यवती म्हणाल्या, “रंगभवनाला कोणी वरण वाढून विचारत नव्हतं, अजून घ्या म्हणून.”

मुंबईचे बँड मात्र मुंबईला ओळखून असतात. स्क्राइब हा इथलाच बँड. संगीत असं की शेजारच्या घरातलं कपाट पडावं, आणि अल्बमांची नावं ‘मार्क ऑफ तेजा’ आणि ‘हेल मोगॅम्बो’. पहिला २०१०चा, दुसरा २०१४चा. ‘अंदाज अपना अपना’तला परेश रावल आणि ‘मिस्टर इंडिया’तला अमरीश पुरी यांना एवढी मानवंदना चित्रपटसृष्टीनेही दिली नसेल. यादीतलं हे एकच नाव सोसायटीला समजलं. अमरीश पुरी किती मोठा नट होता यावर ग्रुपवर ३८ संदेश झाले. अल्बमवर एकही नाही.

आदल्या वर्षी, २०१३मध्ये, कोशिश या मुंबईच्याच बँडने ‘फिरदौस’ काढला होता. हिंदी, प्रोग्रेसिव्ह, आणि गाणी मुद्दाम क्रम विस्कटून दिलेली; मुखपृष्ठातल्या चित्रांतले धागेदोरे जुळवून ऐकणाऱ्याने ती लावायची. विम्याचे दावे तपासणाऱ्या माणसाला याहून मोठं सुख कुठलं? यादीकारांनी तीन आठवडे लोकलमध्ये वहीत बाण काढले, चहाच्या कपांच्या गोल ठशांवर अनुमानं बांधली. वही बघून शेजारच्या प्रवाशाने “मटका का?” असं विचारलं. शेवटी कन्या म्हणाली, “बाबा, शफल लावा ना. कधीतरी बरोबर लागेलच.”

चांगलं संगीत घराजवळ चालून येतं तेव्हा वेगळेच घोळ होतात. डिसेंबर २००९मध्ये पवईला आयआयटीच्या मूड इंडिगोत पॉर्क्युपाइन ट्री हा इंग्लंडचा बँड आला. त्या वर्षीच्या त्यांच्या ‘द इन्सिडेन्ट’ अल्बममध्ये ५५ मिनिटांची सलग मालिका होती. यादीकार ऑफिसातून थेट गेले : इन केलेला आकाशी शर्ट, खिशाला पेन, हातात डबा. वय ३९, पण केस त्याहून बरेच पुढे निघून गेलेले. ते मैदानात शिरले तशा त्यांच्या वाटेतल्या सिगरेटी एकामागून एक पाठीमागे गेल्या. एका मुलाने त्यांना खुर्ची आणून दिली. यादीकार उभे राहून, सातच्या आणि पाचच्या मात्रांवर मान हलवायचा मनसुबा करून आले होते; पण चारी बाजूंनी पोरं दोन हात अंतर राखून अदबीने उभी. शेवटच्या गाण्याच्या आधी एक जण धीर करून वाकला.

“सर, सोमवारचं सबमिशन थोडं पुढे जाईल का?”

यादीकारांनी विचार केला. समोर बँड वाजवत होता, हवा थंड होती, माणसाला उदार व्हावंसं वाटत होतं.

“गुरुवारपर्यंत द्या,” ते म्हणाले.

त्या गुरुवारी पवईत काय झालं असेल, हा विचार त्यांना अजून अधूनमधून झोपेतून उठवतो.

बोरिवलीचा प्रयोग २०१२चा. अमेरिकेच्या फ्लेमिंग लिप्स या बँडने १९९७मध्ये ‘झायरीका’ काढला होता. त्यात चार सीडी असतात आणि चारही एकाच वेळी चार वेगळ्या यंत्रांवर लावायच्या. एका संगीत संकेतस्थळाने याला दहापैकी ०.० गुण दिले होते, त्यामुळे यादीकारांना तो हवाच होता. चार यंत्रं एका मध्यमवर्गीय घरात मिळणं शक्य नाही. बोरिवलीचे साडू मोठ्या मनाचे. मे महिन्याच्या सुट्टीत दोन्ही कुटुंबं जमली. पहिली सीडी हॉलमधल्या म्युझिक सिस्टीमवर, दुसरी लॅपटॉपवर, तिसरी स्वयंपाकघरातल्या जुन्या ठोकळ्यावर, आणि चौथी खाली साडूंच्या गाडीत, चारी दारं उघडी टाकून. गाडीत भाचा बसला. मिस्ड कॉल आला की बटण दाबायचं.

“एक, दोन, तीन!”

हॉल लगेच लागला. लॅपटॉपने आधी कंपनीचं गाणं म्हटलं. मेव्हणीबाईंचा हात कणकेचा, म्हणून ठोकळा त्यांनी कोपराने लावला. आणि भाच्याचा मिस्ड कॉल नेटवर्कमध्ये अडकून ११ सेकंदांनी पोहोचला. गणपतीत जसं अर्धी मंडळी ‘घालीन लोटांगण’ला पोहोचतात आणि कोपऱ्यातले आजोबा अजून मागच्याच आरतीच्या तिसऱ्या कडव्यात असतात, तसं काहीसं पाऊण तास चाललं. यादीकार वहीत टिपणं काढत होते. ‘तिसऱ्या चकतीवरचा स्त्रीस्वर विलक्षण. या बँडकडून ही अपेक्षा नव्हती.’ शेवटी सगळे दमून बसले तेव्हा मेव्हणीबाई ठोकळ्याचं झाकण उघडून म्हणाल्या, “अगंबाई, यात किशोरीताईंचा भूपच राहिलाय की!” तिसरी सीडी पापडाच्या डब्यावर होती तशीच होती.

दुसऱ्या दिवशी साडूंच्या गाडीची बॅटरी उतरलेली निघाली. वहीतलं टिपण यादीकारांनी खोडलं नाही. मत प्रामाणिक होतं.

या सगळ्या वाटचालीत यादीकारांना समानधर्मी एकच, आणि तोच त्यांचा खरा वैरी : अंधेरी पश्चिमेला राहणारा जुना मित्र. दर डिसेंबरात दोघं घाटकोपर स्टेशनजवळच्या एका उडुप्याकडे भेटतात. हे भेटणं म्हणजे स्नेहभोजन नव्हे, तपासणी असते.

“या वर्षी एकला काय?”

“भयानक मौत.”

“अजून? मी त्यांना पहिल्या डेमोपासून ऐकतोय.”

“दोनला स्वॉन्स.”

“आताचे? १९८२चे स्वॉन्स वेगळे होते.”

“१९८२ला तू सातवीत होतास. स्कॉलरशिपला नापास झालास.”

“त्याचा इथे काय संबंध?” अंधेरीकराने इडलीचा तुकडा सांबारात बुडवला. “मुळात खरं प्रायोगिक रॉक या शहरात अॅटॉमिक फॉरेस्टबरोबर संपलं.”

अॅटॉमिक फॉरेस्ट हा सत्तरच्या दशकातला मुंबईचा बँड. त्यांच्या एकुलत्या एका तबकडीचं नाव ‘ऑब्सेशन ७७’ आणि ती बाजारात आली १९८१मध्ये. तेव्हा कोणी फारशी घेतली नाही. पुढे जगभरचे संग्राहक तिच्यामागे लागले आणि २०११मध्ये एका अमेरिकन कंपनीने ती पुन्हा काढली.

“ऐकलीयस?” यादीकारांनी विचारलं.

“ती ऐकायची नसते. असायची असते.”

“आहे?”

“नाही.”

दोघांनी फिल्टर कॉफी मागवली.

पण त्या वर्षी यादीकारांच्या हाती हुकमाचा पत्ता होता. ९ सप्टेंबर २०१४ला अॅपलने यू-टू या बँडचा नवाकोरा अल्बम आयट्यून्सच्या ५० कोटी ग्राहकांच्या खात्यात न विचारता टाकून दिला होता. जगात एवढा आरडाओरडा झाला की तो काढून टाकण्यासाठी कंपनीला वेगळं पान उघडावं लागलं. अंधेरीकर कॉफी ओतत असताना त्याचा आयफोन टेबलावर उजळला आणि पडद्यावर यू-टू.

“हे काय?”

“मी नाही घेतलं! आपोआप आलं!”

“पकडल्यावर सगळे असंच म्हणतात,” यादीकार म्हणाले. दावे तपासण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती.

अंधेरीकराने सूड म्हणून डेथ ग्रिप्सचा विषय काढला. या अमेरिकन बँडने त्या जुलैत आपण फुटलो, हे पेपर नॅपकिनवर लिहून त्याचा फोटो जगाला दाखवला होता. (पुढे ते परत आले, नॅपकिनवरचा शब्द तो, किती टिकणार.) यादीकारांना ही कल्पना इतकी भावली की सोसायटीच्या सांस्कृतिक उपसमितीचा राजीनामा त्यांनी तिथेच नॅपकिनवर लिहायला घेतला. भयानक मौत प्रकरणानंतर तो मागितला जाणारच होता. ‘मी स्वेच्छेने’ इथवर आले असताना पोऱ्याने सांडलेली चटणी पाहिली, समोरचा कागद उचलला आणि त्याने टेबल लख्ख पुसलं. यादीकार अजूनही उपसमितीवर आहेत.

वर्षं अशी गेली. २०१७ला मुंबईच्या डेमॉनिक रेझरेक्शनने ‘दशावतार’ हा अल्बम काढला, मत्स्यापासून कल्कीपर्यंत एकेका अवताराचं एकेक गाणं. यादीकारांच्या कणकवलीच्या मामांनी नाव वाचून आनंदाने फोन केला, “संकासूर कोण करता?” अभंग रिपोस्ट नावाचा बँड गिटार-ड्रमवर तुकोबा गाऊ लागला. तो आईंना मनापासून आवडला आणि त्यामुळे यादीत बसता बसता राहिला. घरात दोन दिवस यावरून अबोला होता.

मग २०१९ आलं. स्पॉटिफाय त्या फेब्रुवारीत भारतात सुरू झालं आणि डिसेंबरात त्याने प्रत्येकाच्या हातात वर्षाचा ताळेबंद ठेवला : तुम्ही काय ऐकलंत, किती ऐकलंत. यादीकारांना वाटलं, आता पुरावाच मिळाला. पडद्यावर काय आलं ते न बघता त्यांनी तो थेट ग्रुपवर टाकला आणि मग वाचला. वर्षातला सर्वाधिक ऐकलेला कलाकार : तान्ह्या बाळांसाठी टेबलफॅनचा आवाज. त्याखालोखाल हेअर ड्रायर. तिसरा, वॉशिंग मशीन, मंद.

भाची बाळंतपणाला चार महिने मुलुंडला होती आणि रात्रभर यादीकारांचा फोन पाळण्याखाली असे, हे त्यांच्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

ग्रुपवर लगेच अभिनंदनं सुरू झाली. या वेळी बाळ खरं होतं, त्यामुळे खुलासाही करता येईना. अंधेरीकराने मात्र बघून गंभीरपणे कळवलं, ‘टेबलफॅनवाल्याचं आधीचं काम जास्त कच्चं होतं.’

आणि मग खाजगीत एक संदेश आला. तिसऱ्या मजल्यावरच्या बेनचा. पाच वर्षांनी. ‘भाई, हे बाळाचं लिंक पाठवा ने. नातू रात्री दोन-दोन वाजेपर्यंत झोपत नाही.’

यादीकार फोन हातात धरून बराच वेळ बसले. चौदा वर्षांच्या यादीत ही पहिली मागणी. त्यांनी टेबलफॅनची लिंक चिकटवली. मग इकडेतिकडे बघितलं. सौभाग्यवती आत होत्या. त्यांनी हळूच खाली दुसरी लिंक चिकटवली : सन, पुढे ओ आणि तीन कंस. ‘लाइफ मेटल’. त्या वर्षी एप्रिलमध्ये आलेला, चार तुकडे मिळून तासाहून थोडा जास्त, आणि यादीत पहिला.

रात्रभर खालून काही आवाज आला नाही. सकाळी आठला बेल वाजली. बेन दारात होत्या, डोळ्यांखालची वर्तुळं तशीच, पण चेहरा मोकळा. हातात झाकलेली वाटी. झाकणाच्या कडेने हिरवं तेल दिसत होतं आणि आतून मुठियांचा वास येत होता.

“पहेलानी उठला लगेच,” त्या म्हणाल्या. “बिजावर झोपला. ते घों-घों आहे ने, त्याच्यावर. सहा तास.” वाटी त्यांनी सौभाग्यवतींच्या हातात दिली. मग यादीकारांकडे वळून जरा संकोचाने विचारलं, “भाई, अजून आहे काय असं?”

यादीकारांनी चष्मा चढवला.

“आहे ना. ३४ मिनिटांचं आहे, दोन तासांचं आहे,” ते म्हणाले. “किती वेळ झोपवायचंय?”